कॉर्नरला आई

माझी पहिली व्यावसायिक लढत आईने पाहिली नाही. ती तिथेच होती, तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पण पिंजऱ्याचं दार बंद झालं आणि तिला आठवलं की लांबचा चष्मा पर्समध्ये राहिलाय. पर्समध्ये चष्म्याच्या वर पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा, माझं आधारकार्ड आणि "लागलंच काही तर" म्हणून घेतलेली हळदीची डबी. चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत रेफरीने समोरच्या मुलीचा हात वर केला होता आणि मी मॅटवर बसून स्वतःचं कोपर जागेवर आहे का ते बघत होते.

"झालं?" आईने शेजारच्या माणसाला विचारलं.

"झालं."

"कोण जिंकलं?"

"काळी शॉर्ट्सवाली."

माझी शॉर्ट्स लाल होती. आई म्हणाली, "बरं."

चाळीस सेकंद. त्यातली पहिली दहा आम्ही दोघींनी एकमेकींभोवती गोल फिरण्यात घालवली. पुढच्या पाचात मी तिला उचलून पाडलं आणि मनातल्या मनात मुलाखत द्यायला सुरुवात केली. त्या मुलाखतीच्या दुसऱ्या वाक्याला तिने खालूनच माझा हात दोन मांड्यांमध्ये धरला, कंबर वर ढकलली आणि माझं कोपर ज्या दिशेला वळत नाही त्या दिशेला वळायला लागलं. मी टॅप केलं. टॅप म्हणजे समोरच्याला हाताने थोपटायचं: सोड बाई, हरले. मी एवढ्या जोरात थोपटलं की नंतर तिच्या मांडीवर माझी बोटं उमटलेली दिसत होती. संपूर्ण लढतीत मी तिला केलेली इजा तेवढीच.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे काय हे नातेवाइकांना सांगताना मी नेहमी अडखळते. ठोसे चालतात, लाथा चालतात, पाडणं, गळा आवळणं, हातपाय पिरगळणं चालतं. चावणं आणि डोळ्यांत बोट घालणं चालत नाही. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आम्हा जावाजावांचं चालायचं तसंच. फक्त आम्हाला रेफरी नव्हता."

यात मी पडले त्याचं कारण फार थोर नाही. आम्ही विरारला राहतो, चौथ्या मजल्यावर. आईबाबा दोघंही मूळचे कोकणातले. बाबा मुंबईत एका सरकारी कचेरीत, आई माणिकपूरला एका दातांच्या दवाखान्यात. तिथे ती नावनोंदणी करते, पेशंट कमी असले की आत जाऊन थुंकी ओढायची नळीही धरते. शाळेत असताना मला नाचाच्या वर्गाला घालायचं ठरलं होतं. तो वर्ग भरला होता. शेजारच्या खोलीत ज्युदो चालायचं आणि तिथे भरपूर जागा होती. एवढंच. पुढे कॉलेज झालं, शारीरिक शिक्षणाची पदवी झाली आणि मी एका खाजगी शाळेत कंत्राटी पीटी टीचर झाले. म्हणजे आठवड्यात बारा तास माझे आणि त्यातले नऊ गणिताच्या बाई घ्यायच्या.

उरलेल्या वेळाचं काय करायचं हा प्रश्न माणिकपूरच्या रिक्षास्टँडजवळच्या एका खांबाने सोडवला. खांबावर कागद चिकटवला होता: "लढायला शिका. लाजू नका. मुलींना वेगळी वेळ नाही." खाली फोन नंबर. मला ते शेवटचं वाक्य आवडलं.

तो कागद लावणारे सर खाडीकाठच्या शेतकरी घरातले. सकाळी दुधी, पडवळ आणि मोगऱ्याची शेती, दुपारनंतर मारामारी. तरुणपणी आखातात एका हॉटेलात सुरक्षारक्षक होते. तिथल्या ब्राझिलियन आचाऱ्याने त्यांना जमिनीवर पडून लढायची विद्या शिकवली, तीही भटारखान्यामागे, बटाट्याच्या पोत्यांवर. परत आल्यावर त्यांनी मेहुण्याची कामणकडची बंद पडलेली पोल्ट्री घेतली, पिंजरे काढले आणि मॅट टाकल्या. कोंबड्या जाऊन चार वर्षं झाली होती, वास गेला नव्हता. पावसाळ्यात मॅट ओल धरायच्या तेव्हा तर असं वाटायचं की त्या कुठल्याही क्षणी परत येतील आणि आपली जागा मागतील.

पावसाळी रविवारी आणखी एक त्रास असायचा. चिंचोटीचा धबधबा शोधणारी पोरं शेडच्या दारात बाईक थांबवायची. आत एकमेकांवर लोळणारी माणसं बघून हसायची आणि मग विचारायची, "भाई, वॉटरफॉल किधर?" सर मान वर न करता त्यांना उलट्या दिशेला पाठवायचे.

पहिल्या दिवशी मी ज्युदोचा एक दणकेबाज फेकायचा डाव दाखवला. सर म्हणाले, "चांगला हाय. आता खाली पडल्यावर काय करशील?"

"उठेन."

"आनि उठू दिलं नाय तर?"

मग त्यांनी मला उठू दिलं नाही. पाच मिनिटं. पंचावन्न किलोची मी, नव्वद किलोचे ते, आणि नाकाशी तो ऐतिहासिक वास. शेवटी म्हणाले, "जा, पानी पी. उद्या येनार असशील तर नखं कापून ये."

मी दुसऱ्या दिवशी नखं कापून गेले. पुढची तीन वर्षं जात राहिले. हौशी स्पर्धा झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा जिंकले, प्लास्टिकचे करंडक घरी आले आणि बाबांनी ते टीव्हीच्या कपाटात उंचीनुसार लावले. घरी मी याला "अॅडव्हान्स ज्युदो" म्हणत होते. ते खोटं नव्हतं, फक्त त्यात अॅडव्हान्स काय आहे ते सांगितलं नव्हतं.

व्यावसायिक लढतीचा फॉर्म आला तेव्हा सांगावंच लागलं. फॉर्मवर "आणीबाणीत कोणाशी संपर्क साधावा" असा रकाना होता आणि त्याखाली, "मृत्यू अथवा कायमस्वरूपी अपंगत्व आल्यास आयोजक जबाबदार नाहीत." बाबांनी तो फॉर्म दोनदा वाचला. ते रजेचे अर्जसुद्धा दोनदा वाचतात.

"व्यावसायिक म्हणजे? नोकरी आहे का ही?"

"नाही बाबा, लढत आहे."

"मग रजा कोण देतं?"

आई मात्र फॉर्मकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आ कर."

मी आ केला. तिने दोन बोटांनी माझा गाल बाजूला ओढून सगळे दात मोजल्यासारखे पाहिले. "नाक परत बसवता येतं," ती म्हणाली, "दात नाही. उद्या दवाखान्यात ये." दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांकडून माझ्या दातांचे ठसे घेववले आणि आठवड्याभरात मला असा माउथगार्ड मिळाला की शेडमधले सगळे तो हातात घेऊन बघायला लागले. मग आईने त्यांना हात धुऊन यायला लावलं. तोवर ती शेडपर्यंत पोचली होती.

तर पहिली लढत मी चाळीस सेकंदांत हरले. घरी आले त्याआधीच बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "मुलीची पहिली व्यावसायिक लढत काल पार पडली. पहिल्याच फेरीत निकाल लागला." मी दार उघडून आत शिरते तर सेक्रेटरी काका सोफ्यावर, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि कोणाच्या तरी निवृत्तीतून उरलेला पुष्पगुच्छ.

"अभिनंदन बेटा! पहिल्याच फेरीत! समोरची उठली की नाही मग?"

"उठली," मी म्हणाले. हेही खरंच होतं.

काका गेल्यावर मी बाबांकडे पाहिलं. "मी त्यात खोटं काय लिहिलंय?" ते म्हणाले आणि पेढा उचलला. आम्ही तिघांनी मिळून बॉक्स संपवला. आठवडाभर लिफ्टमध्ये लोक माझ्यापासून जरा अंतर ठेवून उभे राहिले. ते मला आवडलं, हे कबूल करायला हवं.

दुसरी लढत पाच महिन्यांनी होती, मुंबईत. सरांसोबत कॉर्नरला, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये पाणी-बर्फ घेऊन पिंजऱ्यात येणाऱ्यांत, त्यांचा एक जुना विद्यार्थी यायचा होता. चार दिवस आधी त्याला डेंग्यू झाला. बाकी कोणाला सुट्टी मिळेना. सर मोगऱ्याच्या टोपल्या उतरवत होते तिथेच मी आणि आई त्यांना भेटायला गेलो होतो.

"बर्फ कोन धरनार?" सर स्वतःशीच म्हणाले.

"मी धरते," आई म्हणाली.

"ताई, तिथं रक्त असतंय."

"सर, मी बावीस वर्षं लोकांच्या तोंडात नळी धरून उभी आहे."

सरांनी थोडा विचार केला आणि आईच्या हातात एक टोपली दिली. तिचं वजन तिने पेललं. ठरलं. नोंदणीच्या कागदावर "अनुभव" असा रकाना होता, त्यात आईने लिहिलं, "भरपूर".

आईच्याच डोक्यातून ती कल्पना निघाली: पिंजऱ्याबाहेरून सूचना मराठीत द्यायच्या. या खेळात कोच सगळे इंग्रजी-हिंदीत ओरडतात, त्यामुळे समोरच्यालाही सगळं कळतं. आपण मराठीत ओरडू, तेही घरगुती. डावा ठोसा म्हणजे "डाळ", उजवा म्हणजे "भात", पायावर लाथ म्हणजे "लोणचं". आम्ही दोन दिवस स्वयंपाकघरात तालीम केली. बाबा पेपर वाचता वाचता घाबरत होते.

लढत सुरू झाली. पहिल्या मिनिटाला आई ओरडली, "डाळ, डाळ, भात!" मी दोन डावे मारले आणि उजवा सोडला. तो लागला, पण तिसऱ्या भातापासून समोरची मुलगी आरामात खाली वाकायला लागली. पुन्हा, "लोणचं!" तिने पाय उचलून घेतला. दुसऱ्या फेरीत आईला राहवेना. संकेत विसरून ती सरळ ओरडली, "अगं ती दमलीये, तिच्या पोटात मार!"

समोरची मुलगी माझ्या हातात अडकलेली होती, माझ्या खांद्यावर तिची हनुवटी. ती तिथूनच म्हणाली, "काकू, दमले नाही मी अजून."

साताऱ्याची होती ती.

मला हसू आलं. माउथगार्ड तोंडात असताना हसलं की श्वास कोंडतो. त्या अर्ध्या सेकंदात तिने मला एक उजवा दिला, अस्सल साताऱ्याचा, आणि माझा डावा डोळा बंद होत गेला. तिन्ही फेऱ्या आम्ही लढलो. तिन्ही पंचांनी तिला विजयी ठरवलं आणि मलाही तेच वाटत होतं. नंतर ती आमच्या खोलीत आली, आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, भातावर मला पण जरा वेळ लागला कळायला." मग विचारलं की असा माउथगार्ड कुठे मिळतो. आईने तिथल्या तिथे तिचा जबडा तपासला आणि एक अक्कलदाढ काढून घ्यायला सांगितली.

सोमवारी मी काळानिळा डोळा घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं, पंखा बंद केला आणि हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी खरं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटकेचा भाव दिसला आणि मग त्याहून मोठी काळजी. "मुलांना सांगा, जिन्यावरून पडलात."

"बाई, त्यांनी मोबाइलवर पाहिलंय. सहावीतल्या मुली मला विचारतायत की मी डावा हात खाली का सोडला."

"का सोडलात?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी स्वतःला सावरलं. पालकांच्या तक्रारी आल्या होत्या. एक-दोन पालकांनी उलट कौतुकही केलं होतं, पण कौतुक करणारे पत्र लिहीत नाहीत. वर्ष संपल्यावर माझं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. गणिताच्या बाईंना उरलेले तीन तासही मिळाले.

ते दोन महिने वाईट गेले. इथवर मी हसत हसत सांगतेय, पण तेव्हा हसू येत नव्हतं. सव्वीस वर्षांची मी, दोन लढती, दोन हार, नोकरी नाही. माझ्या बॅचमधल्या मुली कायम झाल्या होत्या, दोघींची लग्नं झाली होती, एकीने स्वतःचं फिटनेस सेंटर उघडलं होतं आणि त्याच्या उद्घाटनाला मला "फायटर मैत्रीण" म्हणून स्टेजवर बसवलं. कोणीतरी विचारलं, किती जिंकल्या? मी म्हणाले, माइक खराब आहे.

शेडवर जाणं मी बंद केलं. सरांनी फोन केला नाही. ते कोणालाच करत नाहीत. दहाव्या दिवशी त्यांनी आईच्या हाती, दवाखान्यात, दोन दुधी आणि मोगऱ्याचे गजरे पाठवले. निरोप नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी आईला डबा द्यायला दवाखान्यात गेले होते. पेशंट नव्हते. मी पेशंटच्या खुर्चीत बसले, खुर्ची मागे झुकवली आणि छताकडे बघत विचारलं, "सोडू का गं?"

आई उपकरणं पुसत होती. "मला विचारशील तर सोड," ती म्हणाली. "मला तुझा डोळा बघवला नाही. बर्फ धरताना मी तोंड फिरवलं होतं, तू बघितलं नाहीस, कारण तुला दिसतच नव्हतं. तेव्हा मला विचारशील तर आजच सोड."

"मग?"

"मग मला विचारू नकोस."

मी उठले. तिने दुधीची रिकामी पिशवी माझ्याकडे दिली. "आणि पिशवी देताना सरांना सांग, दुधी कडू निघाला एक."

मी संध्याकाळी शेडवर गेले. सांगितलं. सर म्हणाले, "दुसरा?"

"दुसरा चांगला होता."

"मग झालं तर. ग्लव्हज घाल."

तिसरी लढत गोव्यात ठरली. वजनगट बावन्न किलो दोनशे ग्रॅम. मी एरवी छप्पन-सत्तावन्न असते. वजन करायच्या आदल्या दिवशी पाणी तोडायचं, मीठ तोडायचं, गरम बाथरूममध्ये जाडे कपडे घालून बसायचं आणि घाम काढायचा, अशी याची अघोरी रीत आहे. हॉटेलच्या बाथरूममध्ये आईने गीझर सोडून वाफ केली, मला रेनकोट घालून बसवलं आणि बाहेर खुर्ची टाकून सुरमई थाळी खाल्ली.

"आई, वास येतोय."

"आयोजकांनी दिलंय. टाकून कसं द्यायचं?" मग थोड्या वेळाने, "सोलकढी काही खास नाहीये. तुला आवडली नसती." हे तिचं सांत्वन.

सकाळी काट्यावर उभी राहिले. आईने आणि आयोजकांकडच्या एका मुलीने माझ्याभोवती टॉवेल धरला होता, आत मी अंगावर काहीही न ठेवता. बावन्न किलो दोनशे ऐंशी. ऐंशी ग्रॅम जास्त. अधिकारी म्हणाले, एक तास आहे. तासाभरात उतरलं नाही तर लढत रद्द.

अंगात घाम उरलाच नव्हता. थुंकायचा प्रयत्न केला, थुंकीही येईना. मी जिन्यात बसून रडायला लागले. आई शेजारी बसली आणि म्हणाली, "रड. त्याने पण वजन कमी होतं."

मला राग आला, पण डोळ्यांतून फार काही निघत नव्हतं. मग आईने माझी वेणी हातात घेतली. माझे केस कमरेपर्यंत होते. दर रविवारी तेल लावायचं हा आमच्याकडचा एकमेव धार्मिक विधी. तिने वेणी तळहातावर तोलली, भाजीवाल्याकडे जुडी तोलतात तशी.

"शंभर तरी असेल," ती म्हणाली.

स्पर्धेच्या डॉक्टरांच्या पेटीतली बँडेज कापायची कात्री मिळाली. बोथट होती. पहिल्यांदा दाबली तेव्हा केस नुसते वाकले. आईने दात आवळले, वेणी पिळली आणि करकर करत, थांबत थांबत कापत गेली. तिला बराच वेळ लागला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, ती मागे होती. फक्त एकदा तिने नाक ओढल्याचा आवाज आला आणि मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "कात्री फालतू आहे."

बावन्न किलो एकशे ऐंशी. अधिकाऱ्यांनी आकडा वाचला. आईने वेणी वर्तमानपत्रात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला मीठ-साखरेचं पाणी पाजणं, लहान लहान घोट, एका घोटाला दहा आकडे मोजत.

दुसऱ्या दिवशी समोर गोव्याचीच मुलगी होती, त्यामुळे सगळा हॉल तिच्या बाजूने. पहिली फेरी तिने घेतली. दुसऱ्या फेरीत ती माझ्या पाठीवर चढली, दोन्ही पाय माझ्या कमरेला आवळून, आणि दोन मिनिटं माझा गळा शोधत राहिली. घंटा झाली तेव्हा मी स्टुलावर बसले आणि मला फक्त तिघांचे पाय दिसत होते: माझे, सरांचे आणि आईच्या चपला.

सर हनुवटी, हात, कोन असं काहीतरी सांगत होते. मला ऐकू येत होतं पण आत जात नव्हतं. मग आईने बर्फ माझ्या मानेवर ठेवला आणि वाकून म्हणाली, "तू श्वास रोखून धरतेस."

"काय?"

"ती मागे आली की तू श्वास रोखतेस. दवाखान्यात सगळे हेच करतात. सुई बघितली की रोखतात, अंग लाकूड होतं आणि मग जास्त दुखतं. मी दिवसाला वीस जणांना सांगते, तोंडाने सोडा, हळू. तुला पण सांगते. सोड."

सरांनी बोलणं थांबवलं. आईकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "ताई सांगतायत ते कर."

तिसऱ्या फेरीत ती पुन्हा पाठीवर आली. मी श्वास सोडला. हळू, तोंडाने, खुर्चीत बसलेल्या शहाण्या पेशंटसारखा. अंग सैल झालं आणि तिला वाटलं मी संपले. तिने पकड बदलायला एक पाय सैल केला. तेवढ्यात मी वळले. आता मी वर होते, ती खाली, आणि दमून तिने पोटावर वळायची चूक केली. मग माझा उजवा हात तिच्या गळ्याखाली गेला, डाव्याने तो मागून कुलूप घातल्यासारखा बंद केला आणि मी दाबत राहिले. हे सगळं सांगताना थरारक वाटतं. प्रत्यक्षात मी तिच्या कानाला कान लावून, तिच्या शांपूचा वास घेत, एक-दोन-तीन मोजत होते. सातला तिने माझ्या दंडावर टकटक केली. दोनदा. अगदी सभ्यपणे, कोणाच्या घरी गेल्यासारखी.

मी सोडून दिलं आणि पहिल्यांदा तिला विचारलं, "ठीक आहेस?" तिने मान हलवली. मग कुठे मला कळलं की मी जिंकलेय. सर पिंजऱ्याच्या जाळीला धरून उभे होते, ओरडत नव्हते, फक्त जाळी हलवत होते. आई आत आली ती थेट माझ्याकडे नाही, त्या मुलीकडे गेली, तिच्या मानेवर बर्फ ठेवला, तिला पाणी दिलं. नंतर माझ्याकडे वळून म्हणाली, "दात बघू."

विरारला परतलो तेव्हा बाबा खाली गेटपाशी उभे होते. माझ्या डोक्याकडे बघून ते जरा थबकले. माझे केस आता मानेपर्यंत होते, तेही एका बाजूला दोन बोटं जास्त. "बरं दिसतंय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला पार्लरमध्ये पाठवलं.

जेवणं झाल्यावर बाबा सोफ्यावर बसले होते, टीव्ही बंद. त्यांनी घसा खाकरला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला या खेळाबद्दल रजेशिवाय काहीही विचारलं नव्हतं.

"तो गळ्याचा कसा लावतात, ते दाखव जरा."

"बाबा, तुम्हाला?"

"मग कोणाला? मला समजायला नको?"

मी सोफ्याच्या मागे गेले. त्यांच्या गळ्याभोवती हात घातला, अगदी हलका. त्यांच्या मानेला टाल्कम पावडरीचा वास होता आणि कातडी माझ्या आठवणीपेक्षा सैल झाली होती. मी त्यांना इतक्या जवळून कधी धरलंय हे मला आठवेना. लहानपणी धरलं असेल, खांद्यावर बसून.

"इथे दाबायचं," मी सांगितलं, "श्वासनळीवर नाही, बाजूला. रक्त थांबतं, मग माणूस झोपतो."

"दुखत नाही?"

"फारसं नाही."

"मग दाब की थोडं."

आतून आईचा आवाज आला, "बीपीची गोळी घेतलीये का ते विचार आधी!"

"घेतलीये," बाबांनी ओरडून सांगितलं. त्यांनी हनुवटी वर उचलली आणि मला गळा नीट मोकळा करून दिला.